चौथ्या यादीचं एक मत

उस्तिन्याला लोणीघरात तिच्या बापाच्या नावासकट हाक मारली गेली, आणि लुक्यानचं डोकं फिरायला तेवढं पुरलं.

ओसिनोव्का गावात बापाचं नाव जोडून हाक मारायची, तर तो माणूस एक तर म्हातारा असावा लागे, नाहीतर मानाचा. गावचा मुख्य पान्क्रात, त्याला सगळे पान्क्रात सेम्योनिच म्हणत. लुक्यान छत्तीस वर्षांचा झाला होता. तीन वर्षं लढाईत घोडागाड्या हाकून, गुडघ्यात लोखंडाचा तुकडा घेऊन तो परत आला होता. तरी तो अजून नुसता लुक्यान. आणि त्याची बायको, लंगोट्या येगोरची पोर, दुधाची कासंडी घेऊन दारात उभी राहते न राहते तोच आतून आवाज आला, "या, या, उस्तिन्या येगोरोव्ना!"

आवाज लोणीमास्तर आर्सेनीचा. गावातल्या बायकांनी मिळून दूध घालायचं, त्याचं लोणी काढून शहरात पाठवायचं, असा सगळा मामला होता आणि तो चालवायला जिल्ह्याहून हा माणूस आला होता. लढाईच्या दुसऱ्या वर्षी आला, म्हणजे लुक्यान नसताना. अंगात पांढरा स्वच्छ एप्रन, नखं कापलेली, हाताला साबणाचा वास. त्यानं उस्तिन्याचं दूध काचेच्या नळीत घेतलं, उजेडात धरलं.

"बघा, स्निग्धांश वाढलाय. गाईला काय घालताय?"

"जवसाची पेंड घालते, आर्सेनी इग्नातिच. गरम पान्यात भिजवून."

"छान. बाकीच्या बायकांनाही सांगा." मग त्याला लुक्यान दिसला. "मालक, तुम्ही जरा बाजूला सरकता का? यंत्राला धक्का लागेल."

लुक्यान सरकला. गुडघा वाकत नव्हता म्हणून त्याला आधी भिंतीला हात लावावा लागला, आणि भिंतीवर चिकटवलेला एक कागद त्याच्या बोटांखाली आला.

"फाडू नगंस," उस्तिन्या म्हणाली. "निवडणुकीचा हाय. चौथी यादी. आर्सेनी इग्नातिचचं नाव हाय त्यात, सातवं." आणि तिनं बोट ठेवून ते नाव वाचून दाखवलं, अक्षर अक्षर करून, पण वाचलं.

आपली बायको वाचते हे लुक्यानला माहीत होतं. कळलं होतं ते वाईट रीतीनं. लढाईच्या दुसऱ्या वर्षापासून आघाडीवर आलेली तिची पत्रं आर्सेनीच्या हातची असत. कारकून वाचून दाखवी, "तुझी एकनिष्ठ बायको उस्तिन्या भुईपर्यंत वाकून तुला नमस्कार करते," आणि मग म्हणे, "वळणदार अक्षर आहे हो तुमच्या एकनिष्ठ बायकोचं!" गाडीवाले खदाखदा हसत. मग पत्रं वाकड्यातिकड्या अक्षरात यायला लागली. ती तिनं स्वतः लिहिलेली. लुक्यानला त्या पत्रांचा जास्त राग आला. कुणीतरी तिच्या शेजारी बसून तिचा हात धरून तिला शिकवलं असणार, हे त्याच्या डोक्यातून जाईना.

परतताना घसरगाडीत दोघं पाठीला पाठ लावून बसली. बर्फ भुरभुरत होतं.

"काय गं, तुला आता बापाचं नाव लागाया लागलं व्हय?"

"त्यो दूध घालनाऱ्या समद्यास्नीच तसं बोलतो."

"मला न्हाई बोलला."

"तू कुठं दूध घालतोस?"

लुक्याननं घोड्याला उगाचच चाबूक मारला.

झार गेला त्या वर्षीची ही गोष्ट. झार वसंतात गेला, आणि आता थंडीच्या तोंडाला सगळ्या देशानं माणसं निवडून पाठवायची होती. ती राजधानीत बसून देशाचा नवा कायदा लिहिणार. जमीन कुणाची, सत्ता कुणाची, सगळं त्यात येणार. राजधानीत पुन्हा कुणी कुणाला हुसकावलं म्हणे, पण ओसिनोव्कापर्यंत त्यातलं निम्मंच पोचलं होतं आणि त्या निम्म्यावरही कुणाचा विश्वास नव्हता. गावाला एकच कळत होतं: जमीनदाराचं नदीकाठचं कुरण आपल्याला मिळतंय की नाही. पान्क्रातनं गाव गोळा करून सांगितलं, "तिसरी यादी. ती कसनाऱ्याला जमीन देनाऱ्यांची. म्हाताऱ्यापासून लेकीसुनेपर्यंत समद्यांनी तिसरी. एक बी मत इकडंतिकडं जाता कामा न्हाई."

कारण यंदा बायकांनाही मत होतं.

मतदानाच्या आधी दहा दिवस घरोघर कागद वाटले गेले. प्रत्येक माणसाला नावाची एक चिठ्ठी आणि पाच पक्षांच्या उमेदवारांच्या पाच याद्यांचे पाच कागद. त्यातला आपल्याला हवा तो शाळेत न्यायचा, तिथं मिळणाऱ्या पाकिटात घालायचा, पाकीट पेटीत टाकायचं. लुक्यानच्या घरात तीन गठ्ठे आले. म्हाताऱ्या आईनं, मावरानं, आपला गठ्ठा हातात घेतलाच नाही. "कुनाचं नाव कागदावर मांडत्यात, ठावं हाय मला. सैतान मोजून घेतो माणसं," असं म्हणून ती मोठ्या मातीच्या चुलाण्यावर उबेसाठी केलेल्या आपल्या झोपायच्या जागेवर चढून भिंतीकडे तोंड करून झोपली. उस्तिन्यानं आपला गठ्ठा दोऱ्यानं बांधून देव्हाऱ्यातल्या तसबिरीमागे ठेवला.

लुक्याननं आपला गठ्ठा चोळून बघितला. पातळ कागद, गुळगुळीत. लढाई सुरू झाल्यापासून गावात वर्तमानपत्राचा तुकडा मिळायची मारामार होती आणि तमाखू कशात वळावी हा पुरुषांपुढचा मोठाच प्रश्न होता. त्यानं वरचा कागद काढला, फाडून त्याच्या पट्ट्या केल्या आणि दोन दिवस चांगली विडी ओढली. सगळं गावच ओढत होतं म्हणा. फक्त तिसरी सांभाळायची, बाकीच्या धुरातच जायच्या होत्या.

त्या दहा दिवसांत घरात जवसाचं काम चाललं होतं. पेंढ्या कोठारात भट्टीवर वाळवायच्या, मग लाकडी पात्याखाली घालून काड्या मोडायच्या आणि झटकून कापडासाठी आतला धागा मोकळा करायचा. उस्तिन्या पहाटेपासून पातं वरखाली करी. धुरळ्यानं तिच्या पापण्या पांढऱ्या होत, छातीत खोकला बसे. लुक्यान पेंढ्या आणून टाकी. पूर्वी हे काम ती त्याला विचारून करत असे, कुठली पेंढी आधी, कुठली मग. आता ती विचारत नव्हती. बोट लावून काडी मोडून बघे आणि म्हणे, "ही अजून वल्ली हाय, मागं घे." तो मागं घेई. तीन वर्षं तिनं हे एकटीनं केलं होतं, हे त्याला समजत होतं. समजत होतं म्हणूनच जास्त झोंबत होतं.

"त्यो येत व्हता काय हितं, पेंढ्या उचलाया?" त्यानं एकदा विचारलंच.

"कोन?"

"कोन म्हंजे? सातवं नाव."

उस्तिन्यानं पातं थांबवलं. "त्याला जवस आन् गवत यातला फरक कळत न्हाई. तीन वर्सं पेंढ्या म्या उचलल्या. ह्या पाठीनं."

"मंग लिवायवाचायला कुठं शिकलीस?"

"लोनीघरात. आठ बायका शिकलो. बाकावर. त्यो खडूनं लिवायचा, आमी वाचायचो." ती पुन्हा पातं मारायला लागली. "हात धरून न्हाई शिकवलं, त्येच इचारायचंय ना तुला?"

तेच विचारायचं होतं. पण उत्तर मिळूनही त्याचं समाधान झालं नाही. आठ बायकांतली ती एक, पण "उस्तिन्या येगोरोव्ना" म्हणताना त्या माणसाचा आवाज कसा मऊ झाला होता, ते त्यानं स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं.

रविवारी मतदान सुरू झालं, तीन दिवस चालायचं होतं. प्रार्थना संपताच लुक्यान घरी आला. आपला गठ्ठा काढला, वरून मोजलं, एक, दोन, तीन, आणि तिसरा कागद घडी करून टोपीत ठेवला. त्याला अक्षर वाचता येत नव्हतं आणि लिहिलेला आकडाही ओळखता येत नव्हता. आजवर कधी अडलं नव्हतं. लढाईत घोडे रंगावरून ओळखायचे, गाड्या चाकांवरून. मग त्यानं तसबिरीमागून उस्तिन्याचा गठ्ठा आणि तिच्या नावाची चिठ्ठीही काढली आणि कोटाच्या आत घातली.

शाळेत रांग लागली होती. भिजलेल्या लोकरी बुटांचा वास सुटला होता. टेबलामागे मास्तरीणबाई, पान्क्रात आणि शेजारच्या गावचा एक म्हातारा बसले होते. कोपऱ्यात दोरीवर फुलाफुलांचा पडदा लावला होता, मास्तरीणबाईंच्या पलंगाचा. लुक्यानला पाकीट मिळालं. तो पडद्यामागे गेला, कागद आत घातला, पाकिटाच्या कडेला थुंकी लावली आणि बाहेर येऊन पेटीत टाकलं. मग त्यानं दुसरी चिठ्ठी टेबलावर ठेवली.

"ही बायकूची. अजून एक पाकीट द्या."

"त्या स्वतः कुठं आहेत?" बाई म्हणाल्या.

"घरी. काम हाय तिला."

"त्यांनाच यावं लागेल. दुसऱ्याचं मत देता येत नाही."

"दुसऱ्याचं न्हाई वो, बायकूचं."

मागून हसण्याचा लोट आला. बाईसुद्धा हसू दाबत होत्या, पण चिठ्ठी परत सरकवली. "या बाबतीत त्या तुमच्या कुणी नाहीत."

"काय लुक्या," रांगेतून कुणीतरी म्हणालं, "तीन वर्सांत बायकू परकी झाली व्हय रं?"

"परकी न्हाई, लोन्यागत घसरती हातातनं!"

पुन्हा हशा. पान्क्रातही हसला. लुक्यान चिठ्ठी घेऊन पायऱ्या उतरला तेव्हा गुडघ्यात अशी कळ आली की त्याला कठड्याला धरून थांबावं लागलं, आणि ते रांगेतल्या सगळ्यांनी पाहिलं.

घरी येऊन त्यानं तिचा गठ्ठा आणि चिठ्ठी परत तसबिरीमागे ठेवली. सोमवारी सकाळी उस्तिन्यानं डोक्याला स्वच्छ रुमाल बांधला, चेहऱ्यावरचा धुरळा धुतला.

"कुनासाठी नटलीस?"

"मत द्यायला जायचंय."

"हां. तर मग ह्यो घे." त्यानं तिच्या गठ्ठ्याचा दोरा तोडला, वरून मोजून तिसरा कागद काढला आणि बाकीचे चार चुलीत टाकले. कागद पेटले. म्हातारी मावरा वरून म्हणाली, "बरं केलंस, माझं बी टाक."

उस्तिन्या जळणाऱ्या कागदांकडे बघत राहिली. "ही कंची हाय, वाचून तरी दाव," ती म्हणाली.

लुक्याननं कागद तिच्या हातात कोंबला.

तिनं स्वतःच वाचलं. "तिसरी." आणि कागद छातीशी, कपड्याच्या आत ठेवला. "माज्या हातनं निवडली असती तरी म्या हीच घेतली असती, लुक्यान. कुरन मला बी पायजे. पर तू इचारलं न्हाईस."

तो तिच्याबरोबर शाळेपर्यंत गेला आणि दाराशी उभा राहिला. उस्तिन्यानं पाकीट घेतलं, पडद्यामागे गेली. पडद्याखालून तिचे बूट दिसत होते. बूट हलत नव्हते. लुक्यान मनात मोजायला लागला. वीस झाले, चाळीस झाले. एक कागद एका पाकिटात घालायला इतका वेळ? टेबलाच्या कडेला, ज्यांचे कागद हरवले त्यांच्यासाठी सगळ्या याद्यांचे ढीग ठेवलेले त्याला आत्ता दिसले. कुणीही जाताजाता उचलावेत असे. लग्नाला चौदा वर्षं झाली होती आणि या बाईचं असं काही नव्हतं जे त्यानं पाहिलं नव्हतं. आता एका पलंगाच्या पडद्यामागे ती एकटी काहीतरी करत होती, आणि कायदा म्हणत होता की नवऱ्यानं बघायचं नाही.

ती बाहेर आली. तिच्या चेहऱ्यावर लाली होती. पाकीट तिनं दोन्ही हातांनी पेटीत सोडलं.

"येवढा येळ काय करत व्हतीस?"

"उभी व्हते."

"कशापायी?"

"मला कधी कुनी काई इचारलं नव्हतं, आता पैल्यांदा इचारलं. जरा उभी ऱ्हायले."

हे त्याला समजलं नाही, आणि जे समजत नाही ते सगळं तो आर्सेनीच्या नावावर मांडत होता.

बुधवारी सकाळी मोजणी झाली. शाळा माणसांनी गच्च भरली, बायका खिडक्यांना बाहेरून चिकटल्या. पाकिटं फोडली, कागद ढिगांत टाकले. खरं म्हणजे ढीग एकच झाला. पान्क्रात फुशारून बसला होता. शेवटी मास्तरीणबाईंनी वाचलं: "तिसरी यादी, दोनशे शहाऐंशी. चौथी यादी, एक. बाकीच्यांना एकही नाही."

"एक?" पान्क्रातचं तोंड उतरलं. "कुनी दिलं ते एक?"

"ते विचारायचं नसतं," बाई म्हणाल्या.

पण विचारायला कोण थांबतंय? लोक एकमेकांकडे बघायला लागले, आणि बघता बघता बऱ्याचजणांच्या नजरा एकाच जागी आल्या. लुक्यानवर. लोण्यागत घसरते, हे रविवारचं बोलणं अजून ताजं होतं. तो त्या नजरांच्या मधोमध उभा राहिला आणि गेले कित्येक दिवस जे आत कोंडलं होतं ते त्याच्या तोंडून बाहेर पडलं.

"माज्याकडं काय बगता? हां, माज्या बायकूचं हाय ते! जळालं मेलं, तिचंच हाय!"

खिडकीबाहेर उस्तिन्या होती. काचेवर तिच्या श्वासाची वाफ जमली होती, ती हळूहळू निवळली. तोवर ती तिथून निघून गेली होती.

गुरुवारी सकाळी मावरा दूध काढायला बाहेर गेली आणि किंचाळत परत आली. फाटकाला डांबर फासलं होतं. वरपासून खालपर्यंत, जाड, काळं, बर्फावर थेंब सांडलेले. ओसिनोव्कात कुणाच्या फाटकाला डांबर लागलं की त्या घरच्या बाईचं नाव गेलं. मग तिच्याबरोबर कुणी विहिरीवर बोलत नाही, तिच्या चुलीचा विस्तव नेत नाही, तिच्या हातचं दूध दुसऱ्या दुधात मिसळू देत नाही. लुक्याननं दुधारी सुरी घेतली आणि लाकूड तासायला लागला. डांबर लाकडात मुरलं होतं. छिलके निघत होते, काळेपण निघत नव्हतं.

उस्तिन्या कासंडी घेऊन लोणीघरात गेली आणि भरलेली कासंडी घेऊनच परत आली.

"बायका रांग सोडून गेल्या," ती म्हणाली. "आर्सेनी इग्नातिच म्हनला, चार दिस येऊ नका, माज्याबी नावाला बट्टा लागंल." आणि ती बाकावर बसली, डोक्याचा रुमाल न सोडता.

असा तो माणूस निघाला, आणि लुक्यानला खरं तर आनंद व्हायला हवा होता. तोही झाला नाही. तिचं नाव त्याच्याच तोंडामुळे गेलं होतं. त्यानं तमाखूची पिशवी काढली. उरलेल्या गठ्ठ्यातला वरचा कागद मतदानानंतरच विडीत गेला होता, त्याखालचा तो फाडणार, एवढ्यात उस्तिन्याची नजर त्यावर गेली.

"थांब. बगू त्यो."

तिनं कागद हातातून घेतला, खिडकीपाशी नेला आणि उलटसुलट करून बघितला.

"ही तिसरी हाय."

"व्हय, मग?"

"मंग तू पेटीत काय टाकलंस?"

"तिसरी टाकली. वरनं मोजून. एक, दोन, तीन."

"कवा मोजलीस?"

"रयवारी."

"आन् पैली कुठं गेली?"

पहिली त्याच्या फुप्फुसात गेली होती, मतदानाच्या आठवडाभर आधीच. पहिलीच्या जागी दुसरी आली, दुसरीच्या जागी तिसरी, आणि तिसरी म्हणून त्यानं टोपीत ठेवली ती चौथी. आर्सेनीची. दोनशे सत्त्याऐंशी माणसांत आर्सेनीला मत देणारा एकटा लुक्यान.

चुलाण्यावर मावरा पहिल्यांदा हसायला लागली. म्हातारीला हसू आवरेना. उस्तिन्या हसली नाही. तिनं कागद परत त्याच्या हातात दिला, आणि लुक्यानला वाटलं, तिनं झोडपावं आपल्याला, चुलीतलं लाकूड घेऊन झोडपावं.

"मी सांगतो," तो म्हणाला. "समद्यांफुडं सांगतो. रयवारी बैठक हाय कुरनाची. तितं सांगतो."

"सांग," ती म्हणाली.

तीन दिवस तिनं त्याला जेवण वाढलं, त्याच्या पायाला तेल लावलं, जवस झोडला. बोलली नाही. लुक्यानला त्या तीन दिवसांत हलकं वाटत होतं, हे कबूल करायला हवं. लाज होती, पण मत्सर गेला होता. पडद्यामागे तिनं तिसरी टाकली होती. ती त्याची होती. आता ठरलेलं होतं, मोजून, कागदावर, सरकारी पेटीत, की त्याची बायको त्याची आहे. फाटक काळं असूनही त्याला रात्री शांत झोप लागली.

रविवारी पान्क्रातच्या अंगणात बैठक भरली. यंदा बायकाही आल्या होत्या, कुंपणाला धरून उभ्या. जमीनदाराचं कुरण मिळाल्यातच जमा धरून गावानं त्याचे पट्टे वाटायला घेतले होते. पट्ट्यांच्या चिठ्ठ्या टोपीतून काढायच्या आधी लुक्यान मधे आला. टोपी काढली. थंडीत त्याच्या डोक्यातून वाफ निघत होती.

"मंडळी, त्ये चौथ्या यादीचं मत माजं हाय. उस्तिन्याचं न्हाई." आणि त्यानं सगळं सांगितलं. विडी, गठ्ठा, वरून मोजणं, काही लपवलं नाही.

अंगण हसण्यानं फुटलं. माणसं एकमेकांच्या खांद्यावर हात मारत होती, कुणाच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"वा रं वा! विडीत यादी वढली म्हनं!"

"तीन दिस बसून रचलंय, बगा."

पान्क्रात उठला, लुक्यानच्या खांद्यावर हात ठेवला आणि गंभीरपणे म्हणाला, "शाबास, लुक्यान मात्वेयिच. रागात बोलून गेलास, पर घरची अब्रू झाकाया आलास. असा नवरा पायजे."

लुक्यान मात्वेयिच. आयुष्यात पहिल्यांदा.

"न्हाई, पान्क्रातबाबा, खरंच माजं हाय! देवाशपत!" त्यानं छातीवर क्रूसाची खूण केली. जितकं तो ओरडला तितक्या माना जास्त कौतुकानं हलल्या. बायकासुद्धा कुंपणापाशी हळहळल्या. बिचारा. भोळा. कसल्या बाईच्या पदरी पडला. लुक्यान घामानं भिजला. पाकिटावर नाव नव्हतं, कागदावर सही नव्हती. कायद्यानंच सगळं असं झाकून ठेवलं होतं की ते आता कुणालाच उघडता येत नव्हतं.

"तिलाच इचारा!" तो म्हणाला. "तिनं वाचलंय त्यो कागद. उस्तिन्या, सांग यांस्नी!"

सगळे वळले. उस्तिन्या कुंपणापासून पुढे आली. बायकांनी तिला वाट दिली, म्हणजे तिचा पदर लागू नये म्हणून अंग चोरलं. ती लुक्यानसमोर येऊन उभी राहिली. तिच्या ओठांना थंडीनं भेगा पडल्या होत्या.

"काय सांगू?" तिनं त्याला विचारलं, हळू. "तू सांगितलंस त्ये यांस्नी पटंना. म्या सांगितलेलं पटंल व्हय?"

"खरं काय त्ये सांग."

ती पान्क्रातकडे वळली. "पान्क्रात सेम्योनिच, नवरा माजा बुधवारी खरं बोलला. मत माजं हाय. चौथ्या यादीचं. आर्सेनी इग्नातिचला दिलं."

कुंपणापाशी बायकांनी तोंडाला रुमाल लावले.

"लोनीघरात तोंड फिरवलं त्यानं, तरी बी सांगते, त्यालाच दिलं," ती म्हणाली. "मानूस काय फार मोटा न्हाई त्यो. पर नावानं हाक मारली त्यानं, आन् काचंत दूध बगून मला इचारलं, गाईला काय घालता म्हनून. मला घरात चौदा वर्सांत कुनी इचारलं न्हाई. फुडल्या खेपंला बी त्यालाच दीन. डांबर उरलं असंल तर सांगा, मी घरची बादली आनते."

तिनं रुमाल घट्ट केला आणि अंगणाबाहेर पडली. कुणीतरी शिवी दिली, कुणीतरी बर्फ फेकलं, ते तिच्या पाठीला लागून फुटलं. तिनं मागं पाहिलं नाही.

ती खोटं बोलली, हे त्या सगळ्या अंगणात एकट्या लुक्यानला माहीत होतं. कागदावरचं मत आर्सेनीला त्यानंच दिलं होतं, चुकून. हे दुसरं उस्तिन्यानं दिलं होतं, तोंडानं, सगळ्या गावादेखत, वाचता येत असताना. इतके दिवस त्याला ज्याचा संशय होता ते घडलेलंच नव्हतं. ते आत्ता घडलं, त्याच्या डोळ्यांदेखत, आणि त्याला आत इतकं जळजळलं की तो उभ्या जागी वाकला.

"बस, लुक्यान मात्वेयिच," पान्क्रात मायेनं म्हणाला आणि चिठ्ठ्यांची टोपी त्याच्यापुढे धरली. "पैली चिठ्ठी तूच काढ. बग, कंचा पट्टा येतो तुज्या नशिबी."

लुक्याननं टोपीत हात घातला. चिठ्ठी काढली. तिच्यावर काहीतरी लिहिलं होतं. ते कुणाला वाचायला द्यावं हे त्याला कळेना.